चौथ्या ओळीतला नितीन

अतिक्रमण विभागात माणूस वर्षभर टिकला की त्याच्याकडं पाच-सहा किस्से आपोआप जमतात. मी तर नोकरीभर रस्त्याकडेचे बेकायदा फ्लेक्स काढले, तेही सोलापुरात! हितं वाढदिवसाला आधी चौक सजतो, मग केक येतो. आता रिटायर झालोय. चहाला बसलो की लोक म्हणतात, अण्णा, सांगा की एखादा. सांगतो. पण मधीच थांबलो तर थांबू द्या.

*

सात रस्ता चौकात एका दादांच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स होता. वर दादांचा हसरा चेहरा, खाली शुभेच्छुकांच्या चार ओळी, सगळी पासपोर्ट साइजची तोंडं. आम्ही शिडी लावली तसा एक कार्यकर्ता पळत आला. कुणाकुणाची नावं घेतली, माझी बदली करायची धमकी दिली. मी म्हटलं, बदली करा, पण फ्लेक्स आज निघणार. मग जवळ सरकून हळूच म्हणाला, "काढा मग. पण तिसऱ्या ओळीत डावीकडनं दुसरा मी हाय. तेवढा कापून द्या की, घरी लावतो."

दिला कापून!

*

जप्त केलेले फ्लेक्स आमच्या गोदामात पडून असायचे. एकदा सांगोल्याकडचा एक मेंढरंवाला आला. शेळ्यांच्या छपरावर टाकायला एक फ्लेक्स द्या म्हणाला. देता येत नाही, नियम आहे, असं सांगितलं तरी हलेना. आमचा ड्रायव्हर रफीकभाई भारी चेष्टेखोर. त्यानं विचारलं, कुठल्या पार्टीचा पाहिजे ते तरी सांगा. म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "पार्टी कुटली बी चालंल. पर मोठ्या पुढाऱ्याचा द्या, त्यो रुंद असतोय."

*

आता जरा वेगळा.

फ्लेक्स पुन्हा लावता येऊ नये म्हणून आम्ही तो उतरवायच्या आधी ब्लेडनं मधोमध फाडायचो. ती आमची रीतच होती. एका सकाळी असाच एक फाडला, तर रफीकभाई गाडीतनं उतरला आणि म्हणाला, "अण्णा, ये अपना नितीन है ना?"

नितीन माझा एकुलता एक. कधी त्या पार्टीत गेला, मला पत्ता नव्हता. फ्लेक्सवर यायची त्याची ती पहिलीच वेळ, चौथ्या ओळीत. आणि माझं ब्लेड नेमकं त्याच्या गालावरनं गेलेलं. समोरच्या फुटपाथवर तो उभा होता, मित्रांना फ्लेक्स दाखवायला घेऊन आलेला.

म्हणाला, "सगळ्या गावात तुमाला माझंच तोंड दिसलं का?"

खरं तर दिसलंच नव्हतं. तसंच सांगायचं होतं मी. पण चारचौघांत मी साहेब झालो. म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." त्याचे मित्र हसले. त्याच संध्याकाळी तो बॅग भरून एका मित्राच्या खोलीवर गेला. दोन वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आईला फोन करायचा, पण मी आलो की ठेवून द्यायचा.

*

म्हणजे तिला आवाज मिळायचा आणि मला फोटो. एकाच गावात राहून पोरगा मला दिसायचा तो फ्लेक्सवरच. रफीकभाई न सांगता गाडी हळू करायचा. नितीननं दाढी राखली ते मला सात रस्त्याला कळलं. चष्मा लागला ते स्टेशनजवळ.

संध्याकाळी बायको विचारायची, कसा दिसतोय? मी सांगायचो, वाळलाय जरा.

निवडणूक जवळ आली आणि नितीन चौथ्या ओळीतनं थेट दुसऱ्या ओळीत गेला! बायकोनं शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला आणि सकाळी जाऊन तो फ्लेक्स उतरवला. पण त्या दिवशी ब्लेड काही चालवलं नाही. एकेक गाठ सोडली, घडी घातली. रीत मोडली, कबूल. लई आठवण यायची हो त्याची.

*

माझा नोकरीचा शेवटचा दिवस. शेवटची फेरी मारायला गाडी ऑफिसच्या गेटबाहेर काढली, तर समोरच्या खांबावर फ्लेक्स. आणि त्याच्यावर मी! ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला, खाली सेवापूर्तीच्या हार्दिक शुभेच्छा. वर कुणी पुढारी नाही, खाली ओळी नाहीत. शुभेच्छुक एकच, नितीन.

नाव दोनदा वाचलं. पण गावभरचे काढले आणि स्वतःचा ठेवला, असं झालं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. शिडी लावली, चढलो. तेवढ्यात रफीकभाई खालून म्हणाला, "अण्णा, पहले कोना देखो."

कोपऱ्यात महापालिकेच्या परवानगीचा नंबर छापावा लागतो. नितीनच्या पार्टीच्या एकाही फ्लेक्सवर तो मी कधी पाहिला नव्हता. ह्याच्यावर होता.

खोटा असणार म्हणून तसाच आत परवान्याच्या खिडकीवर गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, नंबर खरा आहे, तुमचा मुलगा स्वतः रांगेत उभा राहून घेऊन गेला. त्यांनी त्याचा अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. अर्जात 'जाहिरातीचा विषय' असा एक रकाना असतो. लोक तिथं वाढदिवस लिहितात, सभा लिहितात.

नितीनच्या अक्षरात तिथं लिहिलं होतं, 'वडील'.