नव्यासारखे टायर आणि वेल्डाची तब्येत

वेल्डा क्रॅबच्या नवऱ्याने, म्हणजे लाइलने, आयुष्यात कशाची मनापासून पूजा केली असेल तर ती आपल्या ट्रेलरच्या, म्हणजे पिकअपमागे ओढायच्या घराच्या, चार टायरांची. चर्चमध्ये हा माणूस डुलक्या काढायचा, पण शनिवारी सकाळी टायरांपुढे गुडघे टेकून बसायचा. आधी साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग बाटलीतलं ते चकाकी आणणारं रसायन. पूजा आटोपली की ऊन लागू नये म्हणून चारही चाकांवर पांढरी झाकणं चढायची. क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळा काढायला ट्रेलर घेऊन जमणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये या टायरांना फार मान होता. वेल्डाकडे बघायला मात्र लाइलला शनिवार पुरत नसे.

गेल्या ऑगस्टमध्ये लाइल झोपेतच गेला. वेल्डा सदुसष्टची. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना रोज जेवू घातलेली, दंडात अजून ताकद असलेली बाई. रडून झाल्यावर ती पिकअपला ट्रेलर जोडायला शिकली, मग मागे घ्यायला शिकली. त्या शिक्षणात शेजारच्या डॅरलची मांस भाजायची शेगडी चेपली. तिला ओरेगॉनला जायचं होतं, धाकट्या बहिणीकडे, आयोनकडे. चार वर्षं दोघींची भेट नव्हती. आयोनने पहिली दोन वर्षं बोलावून पाहिलं, मग रुसून फोनही बंद केले.

भेट का नव्हती, हे वाळवंटातल्या त्या साऱ्या ट्रेलर-तळाला पाठ होतं. वेल्डाला प्रवास सोसत नाही. लाइलच सांगायचा. साठ मैलांवरच्या डोंगरावर उन्हाळ्यात जायचं, तेही चाळीसच्या वेगाने, त्यापुढे तिला भोवळ येते म्हणे. पुरावा म्हणून तो एक जुनी ओकारी सांगे. ती शिळ्या कोळंबीची होती, पण कोळंबीची बाजू घ्यायला कोण बसलंय? वेल्डाही सुरुवातीला हसायची, मग गप्प बसायची, आणि शेवटी शेवटी डोंगर चढताना स्वतःची नाडी बघायला लागली होती.

दुपारी चारला तळावर खुर्च्यांचं कोंडाळं पडतं. ज्याची खुर्ची त्याने आणायची, ज्याचा पेला त्याने भरायचा, सल्ला मात्र सगळ्यांनी सगळ्यांना फुकट द्यायचा. वेल्डाने ओरेगॉनचं नाव काढलं तसे सगळे तिच्या तब्येतीवर बोलू लागले. डॅरलला तो ट्रेलर स्वस्तात हवा होता, त्यामुळे त्याला तिची काळजी जरा जास्तच वाटली. टायर नवेकोरे आहेत म्हणून भावही बरा येईल, विकून टाक आणि विमानाने जा, असं त्याने सुचवलं. टायरच्या खाचांची नक्षी बघ, म्हणाला, झिजलीच नाही, बोट आत जातं.

टायर किती नवे, हे वेल्डाला नीट बघायचं होतं. टायर कोणत्या आठवड्यात बनला त्याचा आकडा त्याच्या अंगावर असतो, एवढं तिला याच कोंडाळ्यात बसून कळलं होतं. तिने झाकणं काढली. बाहेरच्या बाजूला चकाकी होती, आकडा नव्हता. लाइलने चारही टायर आकडा आतल्या बाजूला जाईल असे बसवून घेतले होते. मग साऱ्यांसमोर, हातातला पेला डॅरलला धरायला देऊन, ती पाठीवर झोपली आणि विजेरी घेऊन ट्रेलरखाली घुसली. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते.

"चौदावा आठवडा," आतून आवाज आला. "साल दोन हजार अकरा."

तेरा वर्षांचे म्हातारे रंग लावून बसले होते, आणि कोंडाळ्यातले म्हातारे सात वर्षं त्यांची तारीफ करत होते.

दुसऱ्या दिवशी गावातून रुबेन ओर्तेगा आला. हा आपली गाडी घेऊन जागेवर टायर बदलून देतो. ट्रेलर बघताच तो थबकला.

"बाई, हे अजून चालू आहेत? चार वर्षांपूर्वी मी साहेबांना सांगितलं होतं, नक्षीवर जाऊ नका. ट्रेलरचा टायर झिजून नाही मरत, उभ्या उभ्या आतून सुकतो. चाळीसच्या वर नेलात तर फुटेल. ते म्हणाले, बायकोला सांगू नकोस, दुकान बंद होताना नवे म्हणून जुने गळ्यात पडलेत, ती हसेल."

वेल्डाला आधी खरंच हसू आलं. मग इतका राग आला की तिला ट्रेलरच्या पायरीवर बसावं लागलं. या माणसाने फसल्याची लाज लपवायला बायकोला आजारी पाडलं, आणि बहिणीला तोडलं. तो समोर असता तर तिने त्याला त्या चकाकीच्या बाटलीसकट झाडलं असतं. तो समोर नव्हता, याचाही राग आला.

रुबेनने आधी पाण्याची टाकी भरायला लावली, डबे-भांडी जागेवर ठेवायला लावली आणि चाकांखाली वजन मोजायच्या पाट्या सरकवल्या. एक बाजू भलतीच जड निघाली. त्या बाजूच्या कप्प्यात लाइलने वेचलेले दगड होते, दीडशे किलो. वेल्डाने ते एकेक करून वाळवंटात फेकले, काही जरा जास्तच लांब. उरलेल्या वजनाला पुरून वर उरतील असे टायर तिने मागितले. रुबेनने एक स्वस्त संच दाखवला, एक पिकअपचा दाखवला. तिने खास ट्रेलरचे, एक पायरी वरच्या ताकदीचे, दिसायला अगदी रटाळ असे चार निवडले. या वर्षीचा आकडा स्वतः वाचला आणि तो बाहेरच्या बाजूला बसवून घेतला.

निघताना डॅरल हवा तपासायच्या निमित्ताने आला. म्हणाला, लाइल असता तर त्याने तुला जाऊ दिलं नसतं, त्याला तुझी फार चिंता.

"त्याला टायरची चिंता होती, डॅरल. ती त्याने माझ्या नावावर खपवली," वेल्डा म्हणाली. "चारच्या बैठकीत सगळ्यांना सांग."

नेव्हाडात शिरल्यावर पहिल्या थांब्यावर ती उतरली आणि चारही टायरांना तळहात लावून पाहिला. नुसते कोमट होते, तापलेले नव्हते. मग तिने आयोनला फोन लावला.

"तू? रस्त्यात?" आयोनला खरं वाटेना. "अगं, तुला सोसत नाही ना?"

"मला कधीच काही झालं नाही. लाइलचे टायर सडले होते."

"मग दोन वर्षं मी तुझ्यावर रुसले, ते?"

"ते माझ्यावरच राहू दे," वेल्डा म्हणाली. "मला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं, आयोन. मी बोलले नाही."

आयोनने नाक ओढलं आणि विचारलं, जेवायला उद्या पोचतेस की परवा.