सामाईक हवा

चौक गावच्या दुकानात मी टाकीतल्या माशांचं खाणं घेत होतो. एवढ्यात कडावची एक बाई आली आणि तरुण दुकानदारावर असं बोट रोखून उभी राहिली, की काचेतले मासेही मागे सरकले.

घरच्या वाटण्या झाल्या, तेव्हा माशांची एक टाकी तिच्याकडे आली, दुसरी थोरल्या जावेकडे गेली. हवेचा पंप मात्र सामाईक राहिला.

"पंपाची घरघर माझ्या उशाशी आणि बुडबुडे जाऊबाईच्या टाकीत! माझे मासे वर तोंड काढून तडफडतात. वर तीच म्हणती, तुला जपता येत नाय गं."

"ताई, त्यांची टाकी उथळ आहे, म्हणून हवा तिकडंच पळते. पंपाजवळ त्यांच्या नळीला ही हवा कमी-जास्त करायची चावी लावा आणि थोडी आवळा."

तिनं चावी फिरवून पाहिली. "हिनं हवा पूर्ण बंद होती का रं?"

"होते. पण त्यांचे मासे मरतील."

"मासे कशाला मारू? ते काय बोलले मला?" तिनं चावी मुठीत गच्च धरली. "तिलाच पंपाशी बोलावते. तिच्या देखत दोन्हीकडं सारखे बुडबुडे पाडते. मग म्हणू दे, कोणाला जपता येत नाय."

ज्याच्यावर आहे त्यालाच पोचता होणारा इतका चोख राग मी क्वचितच पाहिला आहे.