हाड म्हटलं की यायचा

आमच्या घरी कुत्रा आला तो साहेबांच्या बदलीमुळे. यांच्या कचेरीतल्या साहेबांना पुण्यात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं, तिथं बॉक्सर कुठं ठेवणार? साहेबांनी यांना विचारलं, आणि यांना साहेबांना नाही म्हणता येत नाही. मला येतं, पण मला कुणी विचारलं नाही.

जीपमधून ते जनावर उतरलं तेव्हा परभणीतली आमची अख्खी गल्ली गोळा झाली. बदामी रंग, भरलेली छाती, शेपूट आखूड कापलेलं आणि तोंड चपटं. "याचं तोंड दारात चेंगरलं का वो?" समोरच्या काकूंनी विचारलं. मागून कुणी म्हणालं, "कुत्रं हाय का वासरू?" मला हसू आलं नाही. ओठांच्या कोपऱ्यांतून त्याची लाळ लोंबत होती आणि फरशी मी नुकतीच पुसली होती.

साहेबांच्या बाईंनी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "उन्हात याला जपा, चपट्या नाकाला ऊन सोसत नाही. आणि शिकवायचं तर एका गोष्टीला एकच शब्द. घरात सगळ्यांनी तोच." हे मात्र मला पटलं. मी जात्याच हट्टी. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझी एक चप्पल आणि मुलीच्या दप्तराचा पट्टा खाल्ला, तेव्हा मी पदर खोचला.

त्याला थोडं इंग्रजी येत होतं. पण गल्लीत कुत्र्याशी इंग्रजी बोलायला मी काही कलेक्टरीणबाई नव्हते. भाकरीचा तुकडा नाकावरून मागं न्यायचा, मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं, टेकलं की म्हणायचं "बस" आणि तुकडा द्यायचा. मग "थांब". अंगावर उडी मारली तर ओरडायचं नाही, पाठ करून उभं राहायचं. चारी पाय जमिनीवर आले की मगच त्याच्याकडं बघायचं. हे सगळ्यांत अवघड गेलं, कारण आनंद झाला की तो माणसासारखा दोन पायांवर उभा राहायचा आणि पुढचे दोन्ही पंजे थेट आपल्या छातीवर. पण शिकला. महिन्या-दोन महिन्यांत माझ्यासमोर शहाण्यासारखा वागायला लागला, आणि मी काकूंसमोर त्याला उठवून बसवून मिरवायला लागले.

सगळ्यांनी एकच शब्द, हे सासूबाईंना कोण सांगणार? त्या खेड्यातल्या, सोवळ्याच्या. कुत्र्यानं त्यांना शिवायचं नाही आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, एवढ्या अटीवर त्यांनी त्याला घरात राहू दिलं होतं. साहेबांच्या मुलांनी ठेवलेलं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. एकूणच त्यांचे नेम फार. मुलगी जमिनीवर लोळत असली आणि घाईत तिला ओलांडून गेलं, की संपलं! "उलटी फीर, उलटी ओलांड, लेकराची वाढ खुंटंल!" चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल, पण मला परत फिरून, उलटं ओलांडून, मग वळसा घालून जावं लागायचं.

तर सासूबाई सकाळी भाकऱ्या थापायला बसल्या की हा उंबऱ्याशी येऊन नाक टेकायचा. "हाड! हाड मेल्या!" त्या ओरडायच्या, आणि जाईना म्हणून भाकरीचा चतकोर अंगणात भिरकावायच्या. तो पळत जाऊन खायचा आणि परत हजर. पुन्हा "हाड", पुन्हा चतकोर. मी म्हणायचे, "आत्याबाई, तुकडा टाकू नका, सवय लागेल." त्या म्हणायच्या, "मंग जाईल कसा तो?"

त्याचं फळ मिळालं मास्तरांना. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर, कडक इस्त्रीचं धोतर, हातात पूजेचं ताट, देवळात निघालेले. फाटक उघडं राहिलं होतं. हा नुसता बाहेर येऊन उभा राहिला. मास्तर म्हणाले, "हाड!" याचे कान उभे. मास्तर आणखी जोरात, "हाड! हाड!" झालं! एवढ्या प्रेमानं त्याला आजवर घराबाहेर कुणी बोलावलं नव्हतं. गेला धावत, दोन्ही पंजे मास्तरांच्या छातीवर आणि जीभ थेट चष्म्यावरून. ताट एकीकडं, मास्तर एकीकडं. दात लागला नाही, पण कोपर सोलवटलं, धोतर चिखलात, आणि गल्लीला विषय मिळाला.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी "हाड" आणि चतकोर पाहिला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या जगाला जा वाटणारा शब्द याला ये वाटत होता. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग आता काय गल्लीभर सांगत फिरू? आमच्या कुत्र्याला हाड म्हणू नका म्हणून? लोक वेड्यात काढतील." आणि त्याच रविवारी त्याला पेडगावला चुलत दिरांच्या शेतावर पाठवून दिलं. मी दोन दिवस यांचा डबा भरला नाही.

"बरं झालं, ब्याद गेली," सासूबाई म्हणाल्या. पण सकाळी भाकरी झाली की चतकोर मोडायचा त्यांचा हात थांबेना. मोडायच्या, उंबऱ्याकडं बघायच्या आणि परत टोपलीत ठेवायच्या.

वैशाख लागला होता. एका सकाळी पेडगावहून दूधवाल्याबरोबर निरोप आला की कुत्र्यानं कालच दावं तोडलं आणि तो सापडंना. चपटं नाक, असलं ऊन, आणि अनोळखी रान. दुपार झाली की तो मरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. "पाठवा आणखी शेतावर!" मी यांच्यावर ओरडले आणि चपला घातल्या. सासूबाई मागून म्हणाल्या, "मी बी येते. माझी जाऊ हाय तितं, भेटून येते." खोटं! त्या जावेशी त्यांचं बोलणंसुद्धा नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद-मोर्चांचे दिवस होते, एसटीचा भरवसा नसायचा. दूधवाल्याच्या टेंपोत रिकाम्या कॅनांमध्ये बसून आम्ही गेलो. शेतावर हाका मारून मारून माझा घसा बसला. आणि हाक तरी काय मारणार? मी शिकवलेले सगळे शब्द बसवायचे आणि थांबवायचे. "ये" मी शिकवलंच नव्हतं. घरात तो कायम पायांत घुटमळायचा, बोलवायचं कशाला? नावाला तो ओ देईना. गडी "यू यू" करत होते, त्याचा तर त्याला अर्थच माहीत नव्हता. ऊन डोक्यावर आलं. मी बांधावर बसून रडायला लागले, अगदी हुंदके देऊन.

सासूबाई उसाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडल्या, "हाड! हाड रे मेल्या! हाड!"

गडी हसले. "म्हातारे, बलवायलीस का हाकलायलीस?"

"तुमी गप ऱ्हावा. हाड रे बाबा, हाड!"

आवाज फुटला त्यांचा. आणि थोड्या वेळानं ऊस हलला. पोटापर्यंत चिखल, जीभ जांभळी पडलेली, पाय लटपटत, असा तो बाहेर आला. उडी मारायची ताकद नव्हती. सरळ सासूबाईंकडं गेला आणि त्यांच्या पायांना अंग टेकून उभा राहिला. सासूबाईंनी उसाला पाणी देणाऱ्या चारीत पदर बुडवला आणि त्याच्या डोक्यावर पिळला, पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला.

"शिवलास न्हवं मला? शिवलास. आता बस."

तो बसला. शब्द माझाच होता. भाकर तेवढी आमच्याजवळ नव्हती, म्हणून त्यांनी एका गड्याचं फडकं हक्कानं सोडलं आणि त्यातली अख्खी भाकर त्याच्यापुढं ठेवली. आपल्या जावेला भेटायचं त्यांना आठवलं नाही.

उन्हं उतरल्यावर आम्ही त्याला घेऊन परत आलो. हे दारात उभे होते. यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "गल्लीला मी सांगते."

आणि सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरोघर गेल्या. मास्तरांकडं सगळ्यांत आधी. "आमच्या कुत्र्याला हाड म्हनू नका, मास्तर. यील तो."

"मग काय म्हणायचं?"

"काईच न्हाई. पाठ करून हुबं ऱ्हायचं. आमच्या सुनेनं शिकवलंय."

मी फाटकाशी उभी राहून ऐकत होते. हसू आणि रडू एकदमच आलं.

घरी परतल्या तर हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवा पसरून घोरत होता. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हाकलायचं कसं? हाड म्हणावं तर तो आणखी जवळ येणार. "सरक रे," त्या म्हणाल्या. सरक त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी लुगडं सावरून त्या त्याला ओलांडून आत गेल्या.

चुलीपाशी पोचल्या आणि थबकल्या. "अगं बाई!" म्हणत मागं फिरल्या, त्याला उलटं ओलांडून बाहेर आल्या, आणि परसदारानं वळसा घालून भाकऱ्या थापायला बसल्या.