ट्रॉलीचे दिवे आणि मी पाडलेला उजेड

आमच्या गॅरेजमध्ये दोनच गोष्टी साठतात, वायरचे तुकडे आणि किस्से. तुकडे मी दर शनिवारी झाडून टाकतो. किस्से टाकता येत नाहीत, कारण ते शेजारच्या शेडमधल्या निंबा आबांकडे जमा आहेत. आबा वेल्डर. कारमागे ओढायच्या छोट्या ट्रॉल्या ते बनवतात, त्यांचे दिवे कारला मी जोडतो. नवं गिऱ्हाईक आलं की चहा येईपर्यंत आबा त्याला एखादा किस्सा ऐकवतात, आणि दर वेळी त्यातला येडा मीच असतो! म्हटलं, त्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

मी दिलीप. धुळ्यात पारोळा रोडला ऑटो इलेक्ट्रिशियन. पंचवीस वर्षं ट्रक आणि ट्रॅक्टरच्या वायरी केल्या. टेस्ट लॅम्पची सुई वायरीत खुपसायची, दिवा लागला की ती सोलायची, तिला ट्रॉलीची वायर पिळायची, वर चिकटपट्टी. झालं काम! या हिशेबाने मी स्वतःला मोठा इंजिनिअर समजत होतो.

मग नव्या गाड्या आल्या.

* * *

पहिले आले जळगावचे चौधरी सर. शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी आणि वहिनींनी चाकांवरचं भरीत-पुरीचं दुकान काढायचं ठरवलं. ट्रॉली आबांनी झकास बनवली. ओढायला सरांची नवीकोरी पांढरी गाडी.

"दिलीप, जमेल ना?"

"सर, दहा मिनिटांचं काम!"

खरंच दहा मिनिटांत मी मागच्या दिव्यांच्या वायरी सोलून ट्रॉलीच्या वायरी पिळल्या. सरांना म्हटलं, मारा चावी. सरांनी मारली. समोरच्या डॅशबोर्डवर जेवढी म्हणून चित्रं होती तेवढी सगळी एकदम पेटली. पिवळी, लाल, काही मी जन्मात न पाहिलेली. मागचा वायपर कोरड्या काचेवर आपोआप फिरायला लागला. ट्रॉली मात्र ठार अंधारात.

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "दिलीप, दिवे ट्रॉलीला लावायचे होते. डॅशबोर्डला नव्हे!"

गाडी दोरीने ओढत वर्कशॉपला न्यावी लागली. तिथे एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. तिने लॅपटॉप जोडला, माझी चिकटपट्टी दोन बोटांत धरून वर उचलली आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतही असंच व्हायचं.

तिने समजावलं. या गाडीत प्रत्येक दिव्याला किती करंट जातो यावर कॉम्प्युटर लक्ष ठेवतो. जास्त ओढला गेला, की त्याला वाटतं कुठेतरी शॉर्ट झालाय, आणि तो सप्लाय बंद करतो. "काका, तुम्ही तिला न विचारता तिच्या ताटातलं उचललंत!" म्हणून ट्रॉलीचे दिवे लावणारा एक वेगळा डबा बसवायचा, मॉड्यूल. गाडीच्या दिव्याकडून त्याने फक्त इशारा घ्यायचा. ट्रॉलीच्या दिव्यांची वीज थेट बॅटरीवरून, वेगळ्या जाड वायरने, मध्ये फ्यूज घालून. आणि नव्या गाडीत टेस्ट लॅम्प खुपसायचा नाही, मल्टीमीटर वापरायचा.

मी मान अशी डोलावली, की जणू हे सगळं मागच्या आठवड्यात मीच शोधून काढलं होतं.

* * *

मॉड्यूल आणलं. पहिला प्रयोग स्वतःच्याच गाडीवर करायचा, एवढी अक्कल आली होती. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर ओढली. फ्यूज कुठे बसवायचा? डिकीत जागा होती, हातही नीट पोचत होता. बसवला डिकीत.

आबा वेल्डिंगची काच कपाळावर चढवून बघत होते. म्हणाले, "भाऊ, फ्यूज मांगे काब्र लाया? वायर मझार घासाई गई तं?"

म्हणजे, वायर मधेच कुठे घासली तर मागचा फ्यूज काय कामाचा? प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच मला राग आला. "आबा, तुम्ही वेल्डिंग बघा!"

त्याच रविवारी बायकोला घेऊन अमळनेरला निघालो. अर्ध्या वाटेत सुनंदाने नाक वर केलं. "अहो, गाडीत उदबत्ती लावलीय का?"

सीटच्या बोल्टखाली वायर चेपली होती. चटईतून धूर! गाडी कडेला घेतली, सुनंदाला खाली उतरवलं, बोनेट उघडलं. पाना दोनदा नटवरून घसरला. शेवटी कसंबसं बॅटरीचं टर्मिनल सुटलं. फ्यूज मागे डिकीत अगदी सुखरूप होता. नवाच्या नवा!

सुनंदा रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी होती. म्हणाली, "लोकांच्या गाड्यांचं पण असंच करता का?"

आता फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवतो. वायर पाइपातून नेतो. आणि आबांना हे कळलं कसं, ते सुनंदालाच विचारा.

* * *

सावद्याचे महाजन नाना केळीवाले. लेकीकडे धुळ्याला आले होते, येताना ट्रॉली घेऊन आले. ट्रॉली दुसऱ्या कुणीतरी बनवलेली, वायरीही त्यानेच टाकलेल्या. मी रंगाला रंग जोडला. पिवळीला पिवळी, हिरवीला हिरवी. एकदम शिस्तीत. दिवे लागले, नाना खूष.

संध्याकाळी फोन आला.

"दिलीपभाऊ, मी डावीकडे वळतो तर ट्रॉली म्हणते, उजवीकडे चला! तसं घरीही हेच चालतं हो, पण रस्त्यावर तरी नको!"

ट्रॉली बनवणाऱ्याने हाताला जी वायर आली ती टाकली होती. तेव्हापासून मी रंगावर विश्वास ठेवत नाही. एकेक वायर मीटरने तपासतो आणि तिला चिठ्ठी बांधतो.

* * *

एक गाडी आली. ट्रॉली जोडून मागे घ्यायला गेलं की आपोआप ब्रेक मारायची. गिअर टाकला, गाडी वीतभर सरकली, खाड्कन उभी! वर पीं पीं पीं.

मला वाटलं, ब्रेकच्या वायरीत आपणच घोळ घातला. जेवण सोडून बसलो. डिकीचं अस्तर काढलं, मॉड्यूल काढलं, सीट काढली. तीन तास! गाडी निम्मी जमिनीवर मांडली होती.

आबा चहा पीत पीत आले, गाडीला एक चक्कर मारली.

"भाऊ, गाडी का बरं वरडस?"

"सेन्सरला वाटतंय मागे काहीतरी आहे!"

"मांगे ट्रॉली शे ना, भाऊ."

मॉड्यूलवाल्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की ट्रॉली जोडल्याचं गाडीला कळेल अशी एक वायर सोबत दिली आहे. ती जोडली की मागचे सेन्सर गप्प बसतात. ती वायर मी जादा समजून तुकड्यांच्या डब्यात टाकली होती.

* * *

आता जो किस्सा सांगतो तो आबा कुणाला सांगत नाहीत. म्हणून मलाच सांगावा लागतो.

पिंपळनेरच्या गावित मॅडम जनावरांच्या डॉक्टर. पाड्यांवर फिरतात. औषधं, सलाइन, शिंगं बांधायचे दोर, सगळं ट्रॉलीत. त्यांचं काम मी मन लावून केलं. मॉड्यूल, फ्यूज, चिठ्ठ्या, सगळं जागच्या जागी. फक्त अर्थिंगची वेगळी वायर टाकली नाही. म्हटलं, हूक लोखंडाचा, ट्रॉली लोखंडाची, करंट परत येईलच की. आवारात उभ्या गाडीत सगळे दिवे लख्ख लागले.

चार दिवसांनी मॅडम आल्या. ट्रॉलीची मागची फळी फुटलेली. आरडाओरडा नाही, काही नाही. शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, घाटाच्या उतारावर समोर गाय आली. मी ब्रेक मारला. मागच्या टेम्पोला ते कळलंच नाही. फळीला लागून थांबला. आरशात ड्रायव्हरच्या कपाळावरचं गंध दिसलं मला."

मी ब्रेक दाबायला सांगून मागे जाऊन पाहिलं. ब्रेकचा दिवा लागतच नव्हता. त्याच्याऐवजी सगळे दिवे मिळून काजव्यासारखे मिणमिणत होते. हुकाला ग्रीस, वर धूळ, खड्ड्यांत हादरे. करंटला परतीची वाट मिळेना, म्हणून तो दुसऱ्याच दिव्यांतून वाट काढत होता.

"लागलं का कुणाला?" मी विचारलं.

"नाही. म्हणून तर मी आले. नाहीतर पोलीस आले असते."

त्या दिवशी मला एकही विनोद सुचला नाही. चासीचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, जाड काळी वायर बोल्टने आवळली, गाडी-ट्रॉली जोडणाऱ्या प्लगातून थेट ट्रॉलीपर्यंत नेली. मॅडमना चार वेळा ब्रेक दाबायला लावला. त्या गेल्यावर स्टुलावर बसून राहिलो. त्या वर्षात अशी हुकावर भरवसा ठेवलेली किती कामं मी केली होती, ते मोजत होतो. अकरा.

आबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "बठ्ठासले बलाव."

सगळ्यांना बोलवायचं. एकेकाला फोन लावला. "मी दिलीप बोलतोय. तुमच्या ट्रॉलीचं काम माझ्याकडून चुकलंय. दिवे लागत असले तरी घेऊन या." हे वाक्य अकरा वेळा म्हटलं. दोघांनी शिव्या घातल्या, एकाने फोनच ठेवला. त्याच्या गावी मी स्वतः गेलो. पंधरा दिवसांत अकराही ट्रॉल्या नीट झाल्या.

चौधरी सरही त्यात होतेच. जळगावहून भरिताचा डबा घेऊन आले. म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं. पास झालेला पेपर 'चुकलाय, परत तपासा' म्हणून आणून देणारा तू पहिलाच!"

भरीत तिखट होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याच्यामुळेच, असं मी आबांना सांगितलं.

* * *

आणि हा शेवटचा. नरडाण्याच्या एका कारखान्यात पवार साहेब सेफ्टी ऑफिसर आहेत. माझं नाव ऐकून आले. "अकरा ट्रॉल्या परत बोलावणारे तुम्हीच ना? मला असाच माणूस हवा होता!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चुकीचं कौतुक झालं. मी फुगलो.

साहेबांनी स्वतःची चेकलिस्ट छापून आणली होती. चोवीस मुद्दे, शेजारी टिक करायचे चौकोन, खाली दोघांच्या सह्या. काम संपल्यावर आम्ही ट्रॉलीभोवती फिरलो. ते वाचायचे, मी दाखवायचो. फ्यूज बॅटरीजवळ? टिक. अर्थिंगची वेगळी वायर? टिक. डावा, उजवा, ब्रेक, रिव्हर्स? टिक, टिक, टिक, टिक. मुद्दा एकोणीस, प्लग आणि हूक सोडून पिना कोरड्या आहेत का ते पाहणे. सोडलं, पाहिलं, कोरड्या. टिक. मग गाडीचे टायर, स्टेपनी, विम्याचे कागद. टिक, टिक, टिक. चोवीस झाले. सह्या केल्या. साहेबांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "दिलीपभाऊ, इतकं बिनचूक काम मी कारखान्यात पण पाहिलं नाही!"

आबा वेल्डिंग थांबवून बघत होते. त्यांच्याकडे सांगण्यासारखं आज काहीच नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

साहेब गाडीत बसले. सीटबेल्ट लावला, आरसे पाहिले, उजवा इंडिकेटर दिला. सावकाश गेटमधून बाहेर पडले, पारोळा रोडला लागले आणि खिडकीतून हात हलवला. गाडी वळणाआड जाईपर्यंत मीही हात हलवत होतो. दुसरा हात कमरेवर, आणि पाठ अगदी निवांत ट्रॉलीला टेकलेली.