चाचांनी थांबवलेली विहीर

स्वतःची चूक सापडली की मोजणीचाचा खूश व्हायचे. खोटं नाही सांगत! दाढी कुरवाळत म्हणायचे, "चला, सापडली एकदाची." अशा माणसाचं काय करायचं, हे मला कधी कळलंच नाही.

सरकारी मोजणीत त्यांनी जन्मभर जमिनी मोजायची साखळी ओढली आणि निवृत्तीनंतर चिखलीत खासगी काम सुरू केलं. साखळी गेली, उपग्रहाचं यंत्र आलं. ते चालवायला त्यांनी मला, डिप्लोमा झालेल्या मुलीला, ठेवलं. पण यंत्रावर विश्वास? छे! "उपग्रह बी चुकते, बेटी. त्याले दुरुस्ती लागते," हे दिवसातून दोनदा ऐकायचं. होतंही तसंच. जमिनीवरची केंद्रं उपग्रहांची चूक काढतात आणि दुसऱ्या एका उपग्रहामार्फत यंत्राला कळवतात. तो उपग्रह आपल्याच देशाचा निवडावा लागतो. तो निवडल्यावरही चाचा रोज यंत्र अंगणातल्या दगडावर ठेवायचे. त्या दगडाचे वहीत पक्के लिहिलेले आकडे जुळेपर्यंत निघायचं नाही, मग एसटी गेली तरी चालेल.

एकदा ते तापानं पडले आणि धाडजवळच्या कौसाबाईच्या वावरात मी एकटीच गेले. यंत्र नवंकोरं. एसटीची घाई होती, म्हणून दगडावर ठेवायचं राहिलं. बीटी बियाणं आल्यापासून लोक पार धुऱ्याच्या बांधापर्यंत कपाशी लावायचे. तिथला धुरा तर नांगरानं केव्हाच खाल्ला होता, हद्दीचा दगडही गेला होता. चाचांनी पूर्वी टिपलेल्या आकड्यांवरून मी हद्द शोधली आणि आतल्या बाजूला विहिरीची खूण केली. कौसाबाईच्या कपाशीची पराटी दोन हंगाम उभ्या उभ्या वाळली होती. यंदा पाणी लागलं नाही तर वावर सोडून वीटभट्टीवर जायचं, असं तिनं ठरवलं होतं.

पंधरा दिवसांनी चाचा उठले आणि यंत्र दगडावर ठेवलं. आकडे जुळेनात. मी सेटिंग उघडलं. दुरुस्तीसाठी अमेरिकेचा उपग्रह कंपनीतूनच निवडलेला! तो आपल्या आभाळात येतच नाही. म्हणजे दुरुस्ती झालीच नव्हती. दगडावर जितका फरक आला, तितका विहिरीच्या खुणेला लावून हिशेब केला, तर विहीर शेजाऱ्याच्या वावरात.

"चाचा, धुरा तं राह्यलाच नाही. कोणाले समजते?" मी म्हणाले. आज लिहितानाही लाज वाटते.

"आपल्याले समजलं ना, बेटी." या वेळी ते हसले नाहीत. टोपी घातली, यंत्र उचललं आणि मला घेऊन स्टँडकडे निघाले.

कौसाबाई खड्ड्यात होती, पुरुषभर खोल. चाचांनी शेजाऱ्यालाही बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "काम बंद करा. जागा चुकली. चूक माही हाय." मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हातानं गप्प केलं. शेजारी म्हणाला, "बरं झालं सांगतलं. बुजवून टाका."

कौसाबाई वर आली आणि फोडांनी भरलेले दोन्ही हात चाचांच्या तोंडासमोर धरले. "हे कोन भरून देईन? सांग नं!"

चाचांनी मान खाली घातली. मग यंत्र माझ्या हातात दिलं. "आता तू लाव."

"हिच्या हाती?" कौसाबाई ओरडली. "चुकली तं हेच पोरगी न?"

"म्हनूनच. आता हिच्याइतकं जपून कोनी मोजनार नाही, बाई."

आणि ते पाठ फिरवून उभे राहिले. पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी आपला उपग्रह निवडला, दुरुस्ती आल्याची खूण दिसेपर्यंत थांबले आणि हद्दीच्या आत नवी खुंटी ठोकली. कौसाबाई तिथं कुदळ मारायला लागली.

उन्हाळ्यात पाणी लागलं. चाचा त्याआधीच गेले होते. ते वारल्याचं मी सांगितलं तेव्हा कौसाबाई विहिरीत उतरली. मग कळशीभर पाणी माझ्याकडे देऊन म्हणाली, "त्याच्या कबरीवर टाक."

एसटीत कळशी मांडीवर घेऊन बसले. चिखली येईस्तोवर निम्मं पाणी ओढणीवर सांडलं. उरलेलं कबरीवर ओतलं आणि ढसाढसा रडले.