चेंडू किती?

टपरीवर कुणी म्हणालं, "आज त्याने साठ मारले," की आमचे सर चहाचा कप खाली ठेवून विचारायचे, "चेंडू किती?" उत्तर मिळेपर्यंत कप उचलायचे नाहीत. असा एखादा चहा गार करणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

सर रत्नागिरीत आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. मी त्यांच्या कॉम्प्युटर लॅबचा सहाय्यक. गावोगावच्या स्पर्धांच्या स्कोअरवह्या गोळा करून ते सॉफ्टवेअरमध्ये भरायचे आणि कोण किती वेगाने धावा काढतो ते ताडून बघायचे. "आकडा नातं बघत नाय," म्हणायचे.

मग तशीच वेळ आली. जिल्ह्याचा संघ निवडणाऱ्यांनी फलंदाजांची तुलना सरांकडेच मागितली. त्यात सरांचा धाकटा भाऊही होता. लांज्याजवळच्या त्यांच्या गावात, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, मैदानात खेळून तयार झालेला. यादीत तो तळाला आला. सरांनी कागद तसाच दिला, शहाण्याने! भावाला वगळलं. त्याने बॅट माळ्यावर टाकली आणि आखातात नोकरीला निघून गेला.

तीन वर्षांनी एका दुपारी लॅबमध्ये गावाकडची जुनी स्कोअरवही चाळता चाळता सरांनी मला हाक मारली.

"अरे, आमच्या मैदानाला नियम होता. चेंडू आंब्याच्या बागेत उडाला की बाद. बाग आमचीच. मोहोर झडतो म्हणून नियम मीच केलेला! त्याने बिचाऱ्याने कधी चेंडू हवेत उचललाच नाही, मग धावांना वेग कुठून येणार? आणि मी मैदानाचा रकानाच ठेवला नाही रे!"

रकाना घालून त्यांनी पुन्हा तुलना केली. त्या मैदानावर खेळलेल्या सगळ्यांत भाऊ पहिला आला. सर ढसाढसा रडले. माझा तर जीव तुटला.

भाऊ सुट्टीवर आला तेव्हा सरांनी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. मीही होतो तिथे. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"बरोबर हाय, दादा. पण आता मी कुठं खेळू?"

आवाजही चढवला नाही त्याने. एक शिवी हासडली असती तर सर वाचले असते, असं मला आजही वाटतं.

सर गेले त्याच्या दोन दिवस आधी मी इस्पितळात गेलो होतो. नर्सने नुकताच चहा दिला होता. मी मुद्दामच म्हटलं, "सर, काल आपल्या कॉलेजच्या पोराने नव्वद मारले!"

आणि वाट पाहिली.

सरांनी कप उचलला आणि चहा गरम असतानाच पिऊन टाकला.