मोतीची उरलेली गोळी

आज सकाळी आमचा मोती गेला.

मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या आजारामुळं त्याच्या शरीरात एक हार्मोन बनतच नव्हतं, म्हणून जन्मभर रोज एक गोळी. गोळी सुरू झाली आणि कुत्रा पुन्हा अंगणभर पळू लागला.

मी आठ दिवस दारव्ह्याला बहिणीकडे गेलती, तेव्हा बाबांनी गोळी बंद केली. "चांगला उड्या मारत होता थो, मंग कायले द्याची?" स्वतःची बीपीची गोळीही ते बरं वाटलं की सोडतात.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "तो गोळीमुळंच उड्या मारत होता."

मोतीला पुरून आल्यावर बाबा उरलेलं पाकीट हातात धरून बसले. "मले नीट सांगतलं काहून नाही?"

निघताना मी फक्त "बाबा, गोळी देजा" म्हटलं होतं. बंद केली तर तो जाईल, हे सांगायचं राहिलं.

गोळी बंद केली तर काय होईल, हे तुम्ही घरी सांगितलंय ना?